मेणाचा पत्रा आणि वेलीचा मांडव : ऊतींच्या दुरुस्तीविषयीच्या परिभाषेची चिकित्सा

ऊती-अभियांत्रिकी या नव्या शास्त्राविषयी मराठीत जे लेखन होते त्याचा आरंभ बहुधा एकाच ठिकाणाहून होतो. प्रथम सुश्रुताचे नाव घ्यावयाचे. तेथून एका वाक्यात अठराव्या शतकाच्या अखेरीच्या पुण्यात यावयाचे, तेथे एका कापलेल्या नाकाची पुनर्रचना झाली एवढे सांगावयाचे, आणि लगेच पुढल्या वाक्यात कोलॅजेन, रेशीम किंवा कृत्रिम बहुवारिके यांच्या सच्छिद्र जाळ्यांवर पेशी वाढविणाऱ्या आजच्या प्रयोगशाळेत प्रवेश करावयाचा, असा हा राजमार्ग ठरून गेला आहे. या मार्गाने जाणाऱ्याला अभिमान निश्चित मिळतो. ज्ञान मिळतेच असे नाही. कारण ज्या पुणेरी नाकाचा दाखला दिला जातो त्याचा मूळ वृत्तान्त दीड-दोन परिच्छेदांचा असूनही तो सावकाशपणे वाचण्याची तसदी सहसा घेतली जात नाही. तो वाचला तर आजच्या 'जैवानुकारी' म्हणविणाऱ्या आधारद्रव्यांविषयी आपण जे शब्द वापरतो त्यांतील निदान दोन शब्द तपासून घ्यावे लागतील, असे मला वाटते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

हा वृत्तान्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका पत्राच्या रूपाने छापला गेला. पत्रलेखकाने आपले नाव न देता केवळ दोन आद्याक्षरे दिली आहेत. पत्रासोबत एक चित्र आहे. त्याचे मूळ जेम्स वेल्स या चित्रकाराचे. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा वेल्स तो हाच. पत्रातील माणसाचे नाव 'कावसजी' असे दिले असून तो शेतकरी जातीचा मराठा होता, १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकीत होता, टिपूच्या कैदेत सापडून त्याचे नाक व एक हात कापला गेला, आणि वर्षाहून अधिक काळ तसाच राहिल्यावर पुण्याजवळ वीट करणाऱ्यांच्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसविले, अशी हकीकत आहे. कावसजी हे नाव पारशी वळणाचे आणि माणूस कुणब्याच्या घरचा, ही विसंगती वाचकाच्या ध्यानात येईलच. कोणा तरी इंग्रजाच्या कानाने ऐकलेले आणि त्याच्याच लेखणीने उतरलेले हे नाव आहे. त्यावरून माणसाची जात वा गाव शोधू जाणे व्यर्थ होय.

परंतु निदान रुग्णाला एक नाव आहे, चित्र आहे, कंपनी सरकारचे पेन्शन आहे. ज्याच्या हातून नाक घडले त्याला यांपैकी काहीच नाही. तो केवळ एका जातीचा माणूस आहे. मराठी संक्षेपांत या जातीचा सर्रास 'कुंभार' होतो. हे भाषांतर अगदीच चूक आहे असे म्हणता येणार नाही, कारण वीटकामाचा व्यवसाय आपल्याकडे कुंभारांशी जोडलेला आहेच. पण मूळ शब्द वीट करणाऱ्यांचा आहे, मडकी घडविणाऱ्यांचा नव्हे. कुंभार म्हटल्याबरोबर चाकावर फिरणारा मातीचा गोळा, त्याला आकार देणारी बोटे, आणि पर्यायाने 'नाक घडविणारा कलावंत' अशी एक गोंडस प्रतिमा आपल्या मनात उभी राहते. संतवाङ्मयाने या प्रतिमेला जे तेज दिले आहे तेही नकळत मागे येते. विटेचे काम मात्र साच्याचे, भाजणीचे आणि रांगेने रचण्याचे आहे. एका शब्दाच्या सोईस्कर भाषांतराने शस्त्रक्रियेचे कर्तृत्व हस्तकौशल्यातून आकारकौशल्यात ढकलले जाते. आणि पुढे दिसून येईल की नेमकी हीच ढकलाढकली आजच्या परिभाषेतही झालेली आहे.

आणखी एक गोष्ट. मुंबई इलाख्याचे दोन शस्त्रवैद्य, टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही क्रिया पाहिली आहे असे पत्र सांगते व त्यानंतर कृतीचे वर्णन देते. त्यांनी ती कावसजीच्याच चेहऱ्यावर होताना पाहिली, असे त्या वाक्यावरून निघत नाही. ही क्रिया देशात असामान्य नाही व फार प्राचीन काळापासून चालत आली आहे, असे पत्रात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे वर्णन एका प्रसंगाचे नसून एका रूढ पद्धतीचे आहे. आपण मात्र त्याला एका विलक्षण प्रसंगाचे रूप दिले. जे नित्याचे होते त्याचा चमत्कार केला की त्याची परंपरा शोधण्याची जबाबदारी आपोआप टळते.

परंपरेचा प्रश्न निघाला म्हणून सुश्रुताविषयी दोन शब्द. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात नासासंधानाचा जो विधी आहे त्यात नाकाच्या मापाचे झाडाचे पान घेऊन त्याबरहुकूम गालाच्या बाजूचे मांस कापावे, ते एका टोकाशी जोडलेले ठेवावे, नाकाचा अवशेष खरवडून त्यावर ते बसवावे, दोन नळ्या घालून नाक उचलून धरावे आणि पतंग, यष्टीमधु व अंजन यांचे चूर्ण टाकावे, असे सांगितले आहे. पुण्याच्या पद्धतीत कातडी गालाची नाही, कपाळाची आहे. पानाच्या जागी मेण आहे. चूर्णाच्या जागी काताचा लेप आहे. ही क्रिया सुश्रुताच्या ग्रंथातून उचलून केलेली नव्हे हे यावरून उघड आहे. ज्यांच्या हाती ती होती त्यांच्या हाती संहितेची पोथी होती असे मानण्यास आधार नाही, आणि ज्यांच्या हाती पोथी होती त्या वैद्यवर्गाने शस्त्र केव्हाच खाली ठेवले होते. ग्रंथ आणि हात यांची अशी फारकत झाली असताना दोहोंना एका सरळ रेषेने जोडणे म्हणजे वीट करणाऱ्याच्या कर्तृत्वाचे श्रेय दुसऱ्यांदा हिरावून घेणे होय. पहिल्यांदा ते नाव न नोंदवून हिरावले गेले. दुसऱ्यांदा ते आदरणीय अशा ऋषींच्या खात्यावर जमा करून.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पत्रातील वर्णनानुसार कापलेल्या नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून चांगल्या नाकाचा आकार करतात. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवतात व त्याभोवती रेघ ओढतात. यानंतर मेणाचे काही काम उरत नाही, असे पत्रलेखक एका उपवाक्यात नोंदवून पुढे जातो. रेघेच्या आतील कातडी सोडविताना दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी अखंड राखतात. नव्या व जुन्या भागांचे मीलन होईपर्यंत रक्ताभिसरण तिच्या द्वारे चालू राहते. खुंटावरचा जुना व्रण छिलून ताजा करतात, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणतात, तिच्या कडा छेदात बसवतात. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाचसहा पट्ट्या एकावर एक ठेवतात. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड लावतात. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालतात. सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापतात.

या वर्णनात आकाराला किती जागा आहे आणि रक्ताला किती, हे पाहावे. मेणाचा पत्रा आकार देतो आणि लागलीच टाकून दिला जातो. भुवयांमधली पट्टी आकाराच्या दृष्टीने निव्वळ अडथळा आहे. ती पिळलेली, फुगलेली, विद्रूप दिसते. तरीही ती पंचवीस दिवस राखली जाते. सौंदर्याच्या दृष्टीने जे नकोसे आहे तेच जीवनाच्या दृष्टीने अपरिहार्य आहे, हा या क्रियेचा गाभा होय. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने हेच वर्णन वाचून अनेक वर्षे विचार केला, ऑक्टोबर १८१४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये आपल्या दोन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यानेही उचलली ती ही पट्टीच.

हे ध्यानात ठेवून आजच्या परिभाषेकडे वळावे. 'जैवानुकारी' हे विशेषण आपण ज्या इंग्रजी संज्ञेवरून घडविले तिचा प्रसार ऑटो श्मिट या अमेरिकन जीवभौतिकशास्त्रज्ञाच्या लेखनापासून मानला जातो; १९६९ मधील त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच ती आहे. पेशीबाह्य आधारकाची, म्हणजे पेशी जिच्यात राहतात त्या तंतुमय जाळीची, रचना पाहून तशीच जाळी तयार करावी, तिच्यावर पेशी पेराव्यात, त्या जाळीला आपले घर समजून वाढतील, अशी या संज्ञेमागील मूळ कल्पना आहे. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकँटी यांच्या १९९३ मधील निबंधाने या शास्त्राला त्याचे नाव रूढ करून दिले. आमचा आक्षेप कल्पनेला नाही. 'अनुकार' या शब्दात जे गृहीत धरले जाते त्याला आहे.

अनुकाराची चर्चा आपल्याकडे नवी नाही. रसाची उपपत्ती सांगताना श्रीशंकुकाने नट हा रामाचे अनुकरण करतो व प्रेक्षक त्यावरून स्थायीभावाचे अनुमान करतो, असे मत मांडले आणि चित्रातील घोड्याचा प्रसिद्ध दृष्टान्त दिला. त्यावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी जो प्रश्न विचारला तो येथे अत्यंत उपयोगी आहे. अनुकरण म्हणता, पण ते कोणाच्या दृष्टीने? प्रेक्षकाच्या, नटाच्या, की वस्तुस्थितीचे विवेचन करणाऱ्या व्याख्यात्याच्या? यांतील प्रत्येकाच्या बाजूने पाहिले असता अनुकरणाची कल्पना कोठे ना कोठे ढासळते, हे 'अभिनवभारती'त सविस्तर आले आहे. मूळ ज्याने पाहिलेच नाही तो सारखेपणा कशावरून ओळखणार, हा त्यातला मर्मभेदी भाग.

जैवानुकारी जाळ्यांच्या बाबतीत हाच प्रश्न विचारून पाहावा. सारखेपणा कोणाला दिसतो? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात संशोधकाला दिसतो. पण ते मूळही वाळवून, कापून, धातूचा मुलामा देऊन पाहिलेले मूळ असते. आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप आहे ती पेशी तर काहीच पाहत नाही. ती चिकटते, ओढते, आणि ओढल्यावर जाळी किती नमते यावरून आपले वर्तन ठरविते. २००६ मध्ये ॲडम एंग्लर, डेनिस डिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मूलपेशी मऊ, मध्यम वा कठीण आधारावर ठेवल्या असता अनुक्रमे चेता, स्नायू व अस्थी यांच्या पेशींच्या दिशेने झुकतात. आधाराचे चित्र येथे गौण आहे. त्याचा ताठरपणा प्रधान आहे. तेव्हा प्रेक्षकाच्या दृष्टीने जो अनुकार तो नटाच्या दृष्टीने अनुकार नव्हे, हे भट्टतौतांचे म्हणणे प्रयोगशाळेत पुन्हा एकदा खरे ठरले आहे. (सौंदर्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाकडे आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी अभिनवगुप्ताकडे पाठ फिरविल्यामुळे कोणाचे किती नुकसान झाले, हा प्रश्न मी येथे उपस्थित करीत नाही.)

आकाराच्या मोहाचे ठळक उदाहरण १९९७ मधील आहे. एका उंदराच्या पाठीवर मुलाच्या कानाच्या आकाराची कूर्चा वाढविल्याचे चित्र त्या वर्षी जगभर गाजले. विरघळणाऱ्या बहुवारिकाची कानाच्या आकाराची जाळी, तिच्यावर गाईच्या कूर्चेच्या पेशी, आणि सारे उंदराच्या कातडीखाली. लोकांना कान दिसला. पण कूर्चेची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिला हे जमले. बहुतेक ऊतींतील पेशीला केशवाहिनीपासून शंभर-दोनशे मायक्रोमीटरच्या आत राहावे लागते. त्यापलीकडे प्राणवायू पोहोचत नाही. पुण्याची ती विद्रूप पट्टी जे काम करीत होती ते करणारे कोणी नसेल तर जाळीचा आकार कितीही हुबेहूब असो, आत पेशींचे मरणच असते.

हा वाद केवळ शब्दांचा असता तर येथेच थांबता आले असते. २०११ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत पाओलो माक्कियारिनी या शस्त्रवैद्याने प्लॅस्टिकची श्वासनलिका तयार करून, तिच्यावर रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी पेरून, ती रुग्णाच्या शरीरात बसविली. 'लॅन्सेट'मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तो २०१८ मध्ये मागे घेण्यात आला. स्वीडनमध्ये ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली ते तिन्ही रुग्ण पुढे दगावले, आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने माक्कियारिनीला दोषी ठरवून कारावासाची शिक्षा दिली. त्या नळीला रक्तपुरवठा नव्हता. ती नळीसारखी दिसत होती, 'पेरलेली' होती, 'आधार' होती, हे सारे शब्द आपापल्या जागी होते. पेरणे या क्रियापदात बीज, जमीन आणि पाऊस यांपैकी तिसऱ्याचा उल्लेख राहून जातो, याची किंमत तीन माणसांनी दिली. अनुकाराच्या भाषेवर विश्वास ठेवल्याने माणसे मरतात असे मी म्हणत नाही. पण त्या भाषेने प्रश्न विचारणे लांबणीवर पडले, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

दुसरा शब्द 'परांची'. ज्या इंग्रजी शब्दाने या जाळ्या ओळखल्या जातात त्याचा शब्दकोशातील अर्थ इमारतीभोवती बांधतात ती बांबूची परांची असा आहे, आणि काही लेखकांनी तोच घेतला आहे. हा शब्द सर्वथा गैरलागू आहे. परांची इमारतीच्या बाहेर असते. तिच्यावर गवंडी उभा राहतो, इमारत नव्हे. काम झाले की ती सोडून दुसऱ्या कामावर नेतात. ऊतींची जाळी यांपैकी काहीच करीत नाही. ती व्रणाच्या आत असते, ऊतीच तिच्यात शिरते, आणि ती कोणी सोडून नेत नाही; पेशी आपल्या विकरांनी तिला हळूहळू विरघळवून तिच्या जागी स्वतःचे कोलॅजेन विणतात. 'सांगाडा' हा दुसरा पर्याय अस्थींशी इतका जखडलेला आहे की अस्थींची दुरुस्ती करण्यासाठी सांगाडा बसविला असे लिहिताच वाचक गोंधळतो.

महाड-पोलादपूरच्या बाजूस कोणत्याही घराच्या परसात पावसाळ्यात पडवळ, दोडकी, काकडी यांच्यासाठी जो मांडव घालतात तो पाहावा. चार मेढी, वर काठ्याकामट्यांचे जाळे, सुंभाने बांधलेले. वेल त्यावर चढते, तणाव्यांनी धरते, पसरते. मांडवाच्या उंचीने तिची फळे लोंबतात, त्याच्या दाटीने तिची दाटी ठरते. पावसाच्या माऱ्याने काठ्या कुजू लागतात, तोवर वेलीचेच जाळे इतके घट्ट झालेले असते की काही काळ वेल मांडवाला धरून आहे की मांडव वेलीला, हे सांगता येऊ नये. या शब्दात अंतर्भाव, दिशा, वाढ आणि क्षय या चारही गोष्टी आहेत. शिवाय तो 'ऊती' या शब्दाशी जुळतो. ऊती म्हणजे विणणे. ज्याने हा प्रतिशब्द प्रथम योजला त्याला मूळ युरोपीय शब्दातील विणकामाची जाणीव होती हे स्पष्ट आहे. विणलेल्या गोष्टीला बांधलेला आधार शोभतो.

मांडवाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. वेल मांडव खात नाही. पेशी जाळी खाते. पण काळाचा जो प्रश्न आहे तो मांडवाने फार नेमका दाखविता येतो. वेल चढण्यापूर्वीच मांडव कोसळला तर ती जमिनीवर लोळते. आणि ऊतीत जाळी विरघळलीच नाही तर शरीर तिला परकी वस्तू मानून व्रणाची जाड भिंत बांधते. आयोनिस यानास आणि जॉन बर्क यांनी बोस्टनमध्ये कोलॅजेन व कॉन्ड्रॉइटिन सल्फेट यांची जी कृत्रिम त्वचा सिद्ध केली आणि १९८१ मध्ये भाजलेल्या रुग्णांवरील तिच्या वापराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तिचे यश या काळाच्या हिशेबात होते. जाळीची छिद्रे २० ते १२५ मायक्रोमीटरच्या दरम्यान असली आणि तिचा क्षय व्रण भरण्याच्या गतीशी जुळता असला तरच त्वचेचा खालचा थर नीट येतो, हे त्यांच्या गटाने पुढे दाखवून दिले. वर सिलिकोनचा पडदा असे. खाली दोन-तीन आठवड्यांत रक्तवाहिन्या आत शिरल्या की पडदा काढून रुग्णाच्याच बाह्यत्वचेचा अगदी पातळ थर लावीत. अमेरिकेत तिला १९९६ मध्ये परवानगी मिळाली. यानास-बर्क यांची जाळी दिसण्यात खऱ्या त्वचेसारखी मुळीच नव्हती. तिच्यात केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, रंग नाही. ती अनुकार करीत नव्हती. ती रक्तवाहिन्यांना वाट देत होती. पुण्याच्या पंचविसाव्या दिवसाशी हे दोन-तीन आठवडे ताडून पाहण्याचा मोह होतो. दोन्हीकडे मोजला जाणारा काळ एकच आहे, रक्तवाहिन्यांच्या नव्या सोयरिकीचा. म्हणून ही तुलना अगदीच ओढाताणीची नाही.

मराठी संक्षेपांतून जो तपशील बहुधा गळतो तो काताचा. मूळ पत्रात त्यासाठी 'जपानची माती' अशा अर्थाचे लॅटिन नाव आहे. युरोपीय औषधविक्रेत्यांत ते रूढ होते आणि दोन्ही अंगांनी चुकीचे होते. हा पदार्थ जपानचा नव्हे व मातीही नव्हे. पुण्याच्या आसपास ज्याच्या हाती कात आला त्याच्या हाती खैराचाच कात आला असणार. खैराच्या लाकडाचा लाल गाभा तासून, त्याचे कपटे उकळून, काढा आटवून कात करतात. आणि हे ज्यांचे परंपरागत काम, त्यांना त्या कामावरूनच कातकरी हे नाव पडले. महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या डोंगरउतारांवर आजही कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. वरंध घाटाने महाडचा बाजार भोर-पुण्याशी जोडलेला होता, आणि पत्र छापले गेल्यानंतर दोनच वर्षांनी, १७९६ मध्ये, नाना फडणवीस याच महाडास येऊन राहिले होते, एवढे स्मरले म्हणजे कोकणचा कात आणि पुण्याचे नाक यांत फार मोठे अंतर नव्हते हे कळून येईल. इंग्रजी अमलात वनकायदे आले, खैर सरकारी झाला, आणि ज्यांच्या नावातच कात होता त्यांच्या हातून कात गेला. आज या जमातीची नोंद महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत आहे.

काताचे काम काय होते? पत्रलेखक त्याला सांधणारे द्रव्य समजतो. पाण्यात मऊ केलेला कात वाळल्यावर ताठ होतो, पट्ट्या एकमेकींना धरतात, आणि त्यातील कषायद्रव्ये कातडीचा स्राव आवळतात. चामडे कमावताना याच वर्गातील द्रव्ये कोलॅजेनच्या तंतूंना बांधून त्यांचा ऱ्हास थांबवितात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये कॅटेचिनने कोलॅजेन कसे स्थिर होते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅटेचिन हे द्रव्य काताच्या युरोपीय नावावरूनच ओळखले जाते. कोलॅजेनच्या जाळ्या फार लवकर विरघळू नयेत म्हणून वनस्पतींतील अशी द्रव्ये वापरण्याकडे आता अनेक प्रयोगशाळांचा ओढा आहे. यावरून वीट करणाऱ्याला रेणूंची बांधणी ठाऊक होती असा निष्कर्ष कोणी काढू लागेल, म्हणून स्पष्ट सांगतो की तसा तो निघत नाही. चार दिवसांनी तो कात काढून टाकीत असे व तुपाकडे वळत असे. कोणत्या द्रव्याचे काम केव्हा संपते, हे मात्र त्याला ठाऊक होते. मेणाचे रेघेबरोबर, काताचे चौथ्या दिवशी, पट्टीचे पंचविसाव्या.

महाडचा उल्लेख वर कातकऱ्यांच्या निमित्ताने आला. पण या विषयाला तेथे आजचाही आधार आहे. घोणस आणि फुरसे यांच्या दंशाने दंशाच्या जागेची ऊती मरते. प्रतिविष रक्तातील विषाला निष्प्रभ करते. मेलेले मांस ते परत आणीत नाही. भातखाचरात वा रानात पायाला दंश झालेला माणूस वाचतो आणि नंतर कित्येक आठवडे उघडा व्रण घेऊन बसतो. जैवानुकारी जाळ्यांची जी सुभाषिते आपण छापतो त्यांची कसोटी या पायावर लागली पाहिजे. येथे डॉ. हिंमतराव बावसकर यांचे उदाहरण घेण्याजोगे आहे. १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या या वैद्याने लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो स्वतःच्या नावाने मांडला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १७९४ मध्ये या मुलखातील कौशल्य दोन परक्या साक्षीदारांच्या आणि एका निनावी पत्रलेखकाच्या द्वारे जगापुढे गेले. १९८६ मध्ये ते ज्याचे होते त्यानेच लिहिले. दोन पत्रांमधला हा फरक आमच्या मते वैद्यकाच्या इतिहासाइतकाच गद्याच्या इतिहासाचाही विषय आहे.

जे स्वस्त आणि हाताशी आहे त्याविषयी लिहिताना आपली परिभाषा एकदम अबोल होते. मुंबईत डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये भाजलेल्या व्रणांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या वापरल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. साल ओलावा राखते व व्रणाला चिकटत नाही. तिला कोणी जैवानुकारी म्हणाले नाही. मुंबईच्याच टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. तेथे प्रसूतीनंतर मिळणारे गर्भवेष्टन प्रारणांनी निर्जंतुक करून व्रणांवर वापरण्यासाठी देतात. ते तर अनुकारच नाही, साक्षात मूळ आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातील फायब्रॉइन प्रथिनापासून अस्थी आणि त्वचेसाठी जाळ्या करण्याचे जे काम झाले व ज्यातून सेरिजेन ही संस्था निघाली, ते या तिहींत आधुनिक परिभाषेला सर्वांत जवळचे. आणि तेथेही मोल कोशाच्या हुबेहूब नकलेला नाही, मानवी शरीर सहन करते अशा एका प्रथिनाला आहे. आवरण, उसने घेतलेले मूळ, आणि मांडव, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तिहींना एकाच विशेषणाखाली आणल्याने बिरवाडीच्या वा पोलादपूरच्या डॉक्टराला कोणत्या व्रणावर काय ठेवावे याविषयी काहीच सांगितले जात नाही. आपली बोलभाषा येथे अधिक सावध आहे. व्रण 'बरा होतो' असे आपण म्हणतोच, पण त्याआधी तो 'भरून येतो' असे म्हणतो. भरण्याची क्रिया खालून वर होते, आणि भरणारे द्रव्य बाहेरून आणून ओतता येत नाही, हे त्या क्रियापदाला माहीत आहे.

तेव्हा परिभाषा कोशाच्या पुढील आवृत्तीत या संज्ञेसाठी 'मांडव' अथवा, समास हवाच असेल तर, 'ऊतिमांडव' या शब्दाचा विचार व्हावा. 'परांची' काढून टाकावी. आणि 'जैवानुकारी' हे विशेषण जेथे खरोखरच एखादी क्रिया उतरविली आहे तेथेच वापरावे, केवळ आकार उतरविला असेल तेथे 'सदृशाकार' म्हणावे. १७९४ च्या पत्राचे नवे मराठी भाषांतर पदव्युत्तर वर्गात वाचावयास घेण्यासारखे आहे. ते करताना वीट करणाऱ्याला वीट करणाराच राहू द्यावे, कावसजीचे नाव दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये, आणि त्या लॅटिन नावाच्या जागी तळटीप न देता सरळ 'कात' हा शब्द लिहावा.